‘पांढरी कावीळ आमच्या रक्तातच आहे का?’

मी समुपदेशक. हेपॅटायटिस बीचा रिपोर्ट घेऊन आलेल्या घरांतून हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की शेवटी लिहायला बसले. आई पॉझिटिव्ह, भाऊ पॉझिटिव्ह, आता मुलगी. असं ओळीनं दिसलं की आजार कुळातला वाटणारच. खालची हकीकत अशा अनेक घरांची मिळून एक केली आहे.

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात तिचा एचबीएसएजी, म्हणजे शरीरात विषाणू असल्याची खूण, पॉझिटिव्ह आला. माहेरी तपासण्या झाल्या: आई आणि थोरला भाऊ पॉझिटिव्ह, धाकटा निगेटिव्ह. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तिच्या ताटाला मागून नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला, एवढंच.

पहिल्या दोन भेटी त्या ठिपक्यातच गेल्या. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. ताटातून, पेल्यातून, मिठीतून जात नाही. “ठिपका तिच्या टूथब्रशला आणि नेलकटरला लावा,” मी सासूबाईंना म्हटलं. त्यांना ते पटलं, कारण काम काढून न घेता मी ते दुसरीकडे वळवलं होतं. मी माणसाइतकीच घराशी बोलते. धाक घरात असतो, एकट्या माणसात क्वचितच.

तिसऱ्या भेटीत तिनं धाकट्या भावाचे कागद आणले. एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी टोटल (लागण झाल्याची खूण) आणि अँटी-एचबीएस (संरक्षक प्रतिपिंडं) दोन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे विषाणू त्याच्याही शरीरात शिरला होता, त्यानं तो परतवला.

“म्हणजे खोट माझ्यातच,” ती म्हणाली. “आणि ती आता बाळाला जाणार.”

मी कागदावर चार चौकोन काढले. सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांचा एक संच असतो. पेशीत शिरलेल्या विषाणूचे तुकडे प्रतिकारशक्तीला नेऊन दाखवणं, हे त्यांचं काम. आईकडे दोन संच, बाबांकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक. म्हणून सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच जुळण्याची शक्यता चारात एकच. कुणाचा संच या विषाणूचा तुकडा चांगला पकडतो, कुणाचा तितका नाही. गांबियातल्या अभ्यासात (१९९५) डीआरबी१*१३०२ हा प्रकार असलेल्यांत विषाणू ठाण मांडून बसण्याचं प्रमाण कमी दिसलं. २००९ मध्ये जपानी संशोधकांना एचएलए-डीपी जनुकांतले फरक जुनाट संसर्गाशी जोडलेले आढळले. तेव्हा जनुकांचा हात आहे, पण तो लढाईत आहे. विषाणू जनुकांतून येत नाही. आणि एका विषाणूपुढे कमी पडणारा संच दुसऱ्यापुढे सरस ठरू शकतो, त्याला खोट म्हणत नाहीत.

त्याहून मोठी गोष्ट वयाची. जन्मावेळी लागण झाली आणि काहीच केलं नाही तर सुमारे ९० टक्के बाळांत तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढाला लागण झाली तर ५ टक्क्यांहून कमी जणांत. धाकट्याला केव्हा लागण झाली ते कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित त्याचा संच बरा, कदाचित त्याचं वय.

ती बराच वेळ त्या चौकोनांकडे बघत राहिली. मी गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की हातातलं निसटतं. मग तिनं विचारलं, “ते चोवीस तास कधीपासून मोजायचे?”

आधीच्या भेटीत जन्मानंतर चोवीस तासांत बाळाला द्यायच्या इंजेक्शनांबद्दल मी ओझरतं बोलले होते, ते तिनं जपून ठेवलं होतं. ‘कुणामुळे’ सुटून ‘केव्हा’ हातात आलं. त्या दिवशीचं माझं काम तिथंच झालं.

उत्तर असं: बाळ जन्मल्या क्षणापासून, आणि शक्यतो बारा तासांच्या आतच. एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत एचबीआयजी, म्हणजे तयार प्रतिपिंडं. चुकतं ते इथं: बाळंतपण रविवारी रात्री होतं आणि छोट्या दवाखान्यात एचबीआयजी नसतं. म्हणून आठव्या महिन्यातच ते कुठं मिळेल आणि कोण आणेल ते ठरवून ठेवा. ने-आण थंड डब्यात, घरी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. बर्फाच्या कप्प्यात गोठलं की वाया. पुढचे डोस सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीतूनच. आईचा एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, दोन लाख आययू प्रति मिलीच्या वर असेल तर डॉक्टर शेवटच्या तिमाहीच्या सुमारास किंवा त्याआधी टेनोफोव्हिर ही विषाणू दाबणारी गोळी सुरू करतात. तिचा होता, तिनं गोळी एकदाही चुकवली नाही. अंगावर पाजायला हरकत नाही.

बाळाची तपासणी नऊ ते बारा महिन्यांदरम्यान करायची, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस. त्याआधी केली तर एचबीआयजीचीच प्रतिपिंडं दिसून फसगत होते. अँटी-एचबीसी तर करूच नका, आईकडून आलेली ती दीड-दोन वर्षंही रेंगाळतात. आणि महागडी एचएलए चाचणी कुणी सुचवली तर पैसे वाचवा. तिच्या निकालानं यातलं काहीच बदलत नाही.

दहाव्या महिन्यात तिचा फोन आला. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटी-एचबीएस संरक्षणाला लागणाऱ्या दहाच्या पुष्कळ वर. “सासूबाईंनी रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवलाय,” ती म्हणाली. “नवऱ्याच्या लसीचा तिसरा डोस मात्र अजून राहिलाय.”