टर्फचं नंतर पाहू, आधी पोट्ट्यांचं बोल
बाबू,
तुझा मेसेज वाचला. गावात फुटबॉल सुरू करून राहिला, खूप बरं वाटलं. पण टर्फ अन् स्पॉन्सरचं सध्या बाजूला ठेव.

आइसलँडचं बघ ना. लोकसंख्या चार लाखाच्या आसपास, आपले यवतमाळचे दोन तालुके धर. वर्षातले कितीतरी महिने बर्फ अन् अंधार, तरी 2016 च्या युरो कपात, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, इंग्लंडला 2-1 नं हरवलं अन् 2018 चा वर्ल्ड कप खेळले. त्यांनी इनडोअर हॉल बांधले हे खरंच, पण माझ्या मते खरं काम कोचवर झालं, अगदी लहान लेकरांनाही तिथं लायसन्सवाला कोच असते. वर्ल्ड कपचा त्यांचा कोच हेमिर हालग्रिम्सन तर पेशानं दातांचा डॉक्टर. म्हणून हाती पैसा आला की पहिले एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघाचा) कोचसाठीचा डी लायसन्स कोर्स करून घे, जर्सी मग.

तू पाठवलेला व्हिडिओ मी दोनदा पाहिला. डाव्या बाजूचं पिवळ्या टी-शर्टातलं पोट्टं शेवटपर्यंत नुसतं उभं आहे, बॉल एकदाही त्याच्या पायाले लागला नाही. दहा वर्षांच्या लेकरांना अकरा-अकरा खेळवशील तर हेच होणार. चार-चार कर, ग्राउंड छोटं कर, बांबूचे गोल लाव, वाटलं तर गोलकीपरही नको. उरुग्वे पस्तीसेक लाखांचा देश, 1930 अन् 1950 चे वर्ल्ड कप त्यांचे, अन् तिथं सहा-सात वर्षांपासून लेकरं छोट्या ग्राउंडवर कमी गड्यांत खेळतात, मोठं मैदान नंतर येते.

फक्त पऱ्हाटी उपटलेल्या वावरात उन्हाळ्यात खेळवू नको, काळ्या मातीच्या भेगेत पाय गेला की घोटा मुरगळलाच. शाळेमागची मुरमाड जागा बरी, गोटे वेचून घ्या. अन् मे महिन्यात सकाळी साडेसातच्या आत आटपायचं, पाण्याचा कॅन सोबत पाहिजेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाराव्या वर्षी कोणालाही काढू नको. त्या वयात जानेवारीतलं अन् डिसेंबरातलं पोट्टं एकाच गटात खेळते, पण अंगानं जवळपास वर्षाचा फरक असते, अन् आपण उंच दिसलं की त्यालाच घेतो, बारीक असलेलं चांगलं पोट्टं घरी बसते. मोठ्या देशाला दहा पोट्टे गमावणं परवडते, त्यांच्याकडे मागे रांग आहे. आपल्या गावात आहेतच किती?

बाराचे झाले की जिल्हा असोसिएशनच्या क्लबात रीतसर रजिस्टर कर, जन्मदाखल्यासकट. फिफाचा नियम आहे, खेळाडू करार संपायच्या आत पैसे घेऊन परदेशी क्लबात गेला तर त्या रकमेचे 5 टक्के, त्याला 12 ते 23 वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. कागद नसला तर कायचा हिस्सा?

पोरींची वेळ सकाळची ठेव, संध्याकाळी घरचे सोडत नाहीत. त्यांच्या आयांशी तू स्वतः जाऊन बोल, कोणाच्या हाती निरोप नको.

सगळ्यांची नावं अन् जन्मतारखा एका वहीत लिहून फोटो पाठव, गट आपण फोनवर पाडू.