वाचक विचारतात : डिसेंबरात वर जायचं की खाली?

नाताळच्या सुट्टीसाठी थंड हवेचं ठिकाण सुचवा, असं सांगणाऱ्या पत्रांचा या महिन्यात ढीग पडला आहे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझा जन्म गेला. आमच्या आगारातून मे महिन्यात जादा गाड्या सुटायच्या त्या घाटाकडे, आणि डिसेंबरात प्रासंगिक कराराच्या गाड्या सुटायच्या त्या किल्ले, लेणी, घुमटांकडे. हे वेळापत्रक कुण्या साहेबानं डोकं लढवून केलेलं नव्हतं, हवामानानं केलं होतं. माझा कल कुठे आहे ते यावरून कळेलच. आता पत्रं.

प्रश्न : आम्ही सहा जण. सासू-सासरे सत्तरीचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मुलगी सातवीत, मुलगा पहिलीत. नाताळच्या आठवड्यात चार दिवस मिळतील. नवरा महाबळेश्वर म्हणतो, मुलीला इतिहासाचं काहीतरी पाहायचंय, सासऱ्यांची एकच अट, रात्रीचा प्रवास रेल्वेनंच. काय करावं? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : सासऱ्यांचं ऐका, बाकीच्यांचं आपोआप जमेल. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी अवंतिका एक्सप्रेस तुमच्या बोरिवलीला थांबते आणि सकाळी इंदूरला उतरवते. तिथून गाडी ठरवा आणि मांडूला जा. अंतर साधारण शंभर किलोमीटर. मांडू हे विंध्याच्या कडेवरचं पठार आहे, उंची सहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे नवऱ्याला डोंगर मिळाला, मुलीला माळव्याच्या सुलतानांची जुनी राजधानी मिळाली, आणि वर पोचल्यावर बराचसा भाग सपाट असल्यामुळे सासूबाईंनाही फार त्रास नाही. जहाज महालाच्या दोन्ही अंगांना तलाव आहेत. गच्चीवर मुलांना पाठवा, मोठ्यांनी खाली बागेत बसावं. सुलतान होशंगशाहची संगमरवरी कबर चुकवू नका. शाहजहानचे कारागीर ती पाहायला येऊन गेले, असा १६५९ सालचा लेख तिच्या दरवाजाशी कोरलेला आहे. मुलीला तो शोधायला सांगा, अर्धा तास शांततेत जाईल. रूपमतीच्या मंडपाला मात्र चढ आहे. तिथे सासूबाईंना गाडीजवळच थांबू द्या. रस्त्याकडेला गोरखचिंचेची अवाढव्य झाडं दिसतील, तिची फळं टोपल्यांत विकायला असतात. मांडूत दाल-पानिये खा. मक्याच्या पिठाचे गोळे पळसाच्या पानांत गुंडाळून भाजतात.

दुसरा मुक्काम महेश्वरला. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ कारभार केला आणि राजधानी इथे नर्मदेकाठी ठेवली. त्यांची गादी पाहून पहिलीतला तुमचा चिरंजीव 'एवढीच?' म्हणेल. म्हणू द्या, त्याच्या बहिणीला उत्तर द्यायला लावा. घाटाच्या पायऱ्या पुष्कळ आहेत, सासूबाईंना वरूनच नदी दाखवा. वेळ उरला तर हातमाग पाहा. तिथे उरलेला वेळ आणि उरलेले पैसे दोन्ही संपतात, ते तुमचं तुम्ही बघून घ्या.

आता महाबळेश्वर का नको? डिसेंबरअखेरचा दिवस मे महिन्यापेक्षा जवळजवळ दोन तासांनी लहान असतो. थंड हवेच्या ठिकाणी पाहायचं काय, तर पॉइंट. सहाच्या सुमारास सूर्य गेला की पॉइंट संपले. मग सात वाजल्यापासून सहा माणसं हॉटेलच्या दोन खोल्यांत पांघरुणं घेऊन बसणार, पहिलीतला एक जण पांघरूण घेणार नाही, आणि आजोबा सकाळची वाट पाहणार. मांडू-महेश्वरलाही गारठा असतो, पण दुपारी उन्हात तास-दोन तास हिंडता येतं. तेच ऊन मे महिन्यात असह्य होतं.

रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, आता ६० दिवस आधी उघडतं. नाताळच्या तारखा असतील तर उघडल्याच्या सकाळी बसायला हवं.

प्रश्न : काका, लग्नानंतरची पहिलीच सुट्टी आहे. २३ ते २८ डिसेंबर, सिमला. बर्फ नक्की मिळेल ना? एजंट हो म्हणतोय. – एक वाचक, पुणे

उत्तर : एजंटाकडून तेवढं लेखी घ्या, म्हणजे तो हो म्हणायचं थांबेल. सिमला २,२०० मीटरच्या आसपास आहे. डिसेंबरात तिथे बर्फ पडतोही, पण कित्येकदा महिना कोरडा जातो. जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत शक्यता जास्त. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये उतरलात तर उंची वाढते, बर्फाची आशाही वाढते. पण जोराचा बर्फ पडला की साध्या गाड्यांना तो रस्ता बंद करतात. म्हणजे नसला तर दिसत नाही आणि फार असला तर जाता येत नाही. सुट्टी महिनाभर पुढे ढकलता येत असेल तर ढकला. येत नसेल तर बर्फ हिशेबातून काढून टाका आणि कालका-सिमला गाडीसाठी जा. १९०३ पासून धावणारी, ९६ किलोमीटरची, शंभरावर बोगद्यांची ती लहान गाडी आहे. तीत तुम्हा दोघांना कुणी काही विचारणार नाही.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी, बँकेतून निवृत्त. विजापूर शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. आठवतो तो फक्त गोंगाट. या वयात पुन्हा जावं का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जावं, आणि तो गोंगाट टाळायचा असेल तर त्याचं वेळापत्रक समजून घ्यावं. डिसेंबर-जानेवारी हा सहलींचा हंगाम. आमच्याकडे मास्तर करार करायला यायचे तेव्हा मार्ग ठरलेला असायचा : पंढरपूर, अक्कलकोट, विजापूर, येताना कुठेतरी उसळ-पुरी. गाड्या रात्री निघतात, मुलं वाटेत आंघोळी-नाश्ता करतात, आणि दिवस चांगला वर आला की सगळ्या शाळा एकदम गोल घुमटावर. तुम्हाला सोलापुराहून शंभर किलोमीटरच जायचंय. आदल्या संध्याकाळी जाऊन राहा आणि घुमट उघडताच पहिल्या आत शिरा.

कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्यांतून जिने वर जातात. अरुंद आहेत, पायऱ्या उंच आहेत. चौघींपैकी जिला दम लागतो तिला पुढे ठेवा, म्हणजे बाकीच्या तिच्या चालीनं चढतील. वर घुमटाच्या आतल्या बाजूनं सज्जा आहे. एकीनं भिंतीला तोंड लावून हळू बोलायचं आणि दुसरीनं समोरच्या टोकाला, सुमारे १२५ फुटांवर, कान लावायचा. शब्द न् शब्द ऐकू येतो. तीनशे मुलं शिट्ट्या मारत असताना हे कसं कळणार? मुहम्मद आदिलशाहाची ही कबर १६५६ च्या सुमारास उभी राहिली. आपल्याकडे तेव्हा जावळी सर झाली होती. तिकडे घुमट बांधत होते आणि इकडे गड घेत होते, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

माझं मत विचाराल तर घुमटापेक्षा इब्राहिम रोजा, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाची कबर, जास्त सुंदर. घुमट बघून मान दुखते, रोज्यात भिंतींवरची अक्षरं आणि दगडी जाळ्या बघत बसावंसं वाटतं. तिथे दुपारी जा. वाटेत मुलुख मैदान तोफ आहे, १५४९ साली अहमदनगरात ओतलेली. जेवायला ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी मिळेल. सोलापूरकरांना तिचं कौतुक मी काय सांगावं, पण तुलना करून मला कळवा.

प्रश्न : तुम्ही काहीही म्हणा, आम्ही दरवर्षी स्ट्रॉबेरी खायला महाबळेश्वरला जातो आणि जाणार. फक्त गर्दी कशी टाळायची ते सांगा. – एक वाचक, नाशिक

उत्तर : जा की! स्ट्रॉबेरीसाठी जाणाऱ्याशी माझं भांडण नाही. ते पीक थंडीतच येतं. पण नाताळ ते एक जानेवारी सोडा. त्या दिवसांत पसरणी घाटात गाडी चालत नाही, सरकते. जानेवारीच्या मध्यापासून तोडा जोरात असतो आणि भावही उतरतो. सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला असेल तर तेही दिवस टाळा. कडाक्याच्या लाटेत वेण्णा तलावाजवळ पहाटे दव गोठतं, गाड्यांच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. ऊन वर आलं की संपलं. तेव्हा लवकर उठणार असाल तरच त्याची आशा धरा.

मी असतो तर मुक्काम वाईला केला असता. दिवसा वर जायचं, अंधार पडायच्या आत खाली यायचं. वाई हे जेवून पुढे जाण्याचं गाव नाही. कृष्णेचे घाट, रास्त्यांनी बांधलेला ढोल्या गणपती, आणि तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. वाड्यामागच्या घाटावर एका छोट्या देवळात मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. तिच्यावर १७०७ हा आकडा आहे. मुलं ती वाजवायचा हट्ट धरतील.

प्रश्न : मुलगा बंगळूरला असतो. डिसेंबरात त्याच्याकडे जाणार आहोत. तिथून उटी करावी की तंजावर? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तंजावर, पण डिसेंबरात नव्हे. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, तिकडचा मुख्य पाऊस परतीच्या वाऱ्यांचा, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. वादळंही त्याच दिवसांत. मुलाला सांगा, पोंगल उलटल्यावर येतो. हवा कोरडी झालेली असते आणि पोंगलची गर्दी ओसरलेली असते.

व्यंकोजीराजांपासून भोसल्यांनी तिथे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास राज्य केलं. राजराज चोळाचं बृहदीश्वराचं देऊळ साधारण १०१० चं. त्याच देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला. भला मोठा लेख आहे. माणसं शिखर बघून निघून जातात आणि हा लेख राहून जातो, म्हणून मुद्दाम विचारून काढा. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितं आहेत, तीही पाहा. उटीला हिवाळ्यात दव गोठतं आणि उजाडायच्या आधी दात वाजतात. कोल्हापूरकराला त्यासाठी एवढा प्रवास नको.

प्रश्न : ३० डिसेंबर ते २ जानेवारी, दिल्ली-आग्रा. काही सूचना? – एक वाचक, लातूर

उत्तर : फेब्रुवारीत जा. डिसेंबरअखेर धुकं इतकं दाट की सकाळचा ताजमहाल समोर असून दिसत नाही, आणि गाड्या कित्येक तास उशिरा धावतात. तिकिटं निघालीच असतील तर ताजसाठी दुपार ठेवा, आणि मधे शुक्रवार येतोय का पाहा. त्या दिवशी पर्यटकांना बंद असतो.

प्रश्न : तुमची सगळी ठिकाणं लांबची. आम्ही अमरावतीचे, दोनच दिवस, घरची गाडी आहे. – एक वाचक

उत्तर : मग चिखलदरा, आणि माझा नियम तुमच्यासाठी मोडतो. अकराशे मीटरच्या आसपास उंची, कॉफीची झाडं, शिवाय शेजारीच गाविलगड. म्हणजे डोंगरही आणि दगडही. इंग्रज सेनापती वेलस्लीनं हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून १५ डिसेंबर १८०३ ला घेतला. त्याच साली तिकडे तंजावरला दुसरे भोसले आपला इतिहास भिंतीवर कोरत होते. किल्ला मोठा आहे, आत गवत माजलेलं असतं, म्हणून बूट घाला आणि सकाळीच जा. पाणी बरोबर न्या. पेट्रोल परतवाड्यातच भरून घ्या.