'कॉन्ट्रास्ट' म्हणजे विरोधाभास नव्हे

डोळ्यांच्या तपासणीवर मराठीत माहितीपत्रक लिहिणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: "कॉन्ट्रास्टला मराठीत काय लिहू? भाषांतराच्या यंत्राने 'विरोधाभास' दिला, हिंदी मजकुरात 'विपर्यास' सापडला. 'कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी'चं तर काहीच जमत नाही."

ताई, हे दोन्ही शब्द आधी बाजूला ठेवा. विरोधाभास म्हणजे विरोधाचा नुसता आभास. दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात असं वरवर वाटतं, नीट अर्थ लावला की विरोध उरत नाही. हा भाषेतला अलंकार आहे. काळ्या फळ्यावर पांढऱ्या खडूने काढलेल्या अक्षरात आभास कसला आला? तिथला फरक अगदी खरा असतो. 'विपर्यास'ची गोष्ट निराळी. हिंदी पारिभाषिक लेखनात तो कॉन्ट्रास्टसाठी वापरतात, पण मराठी माणसाने हा शब्द ऐकलेला असतो तो 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' अशा वाक्यात. रुग्णाच्या हातात 'विपर्यास-क्षमता' असं लिहिलेला कागद पडला तर त्याला काय कळेल? संस्कृत शब्द दोन भाषांत सारखा दिसतो म्हणून अर्थही सोबत येतो असं नाही.

मूळ शब्दात लॅटिनमधले दोन तुकडे आहेत: 'कोन्त्रा' म्हणजे विरुद्ध, समोर आणि 'स्तारे' म्हणजे उभं राहणं. समोरासमोर उभं राहणं, एवढंच. इटालियन आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला. आपल्या घरांत तो दोन वाटांनी आला. एक वाट जुन्या टीव्हीच्या बटणांची, दुसरी साडीच्या दुकानाची. 'कॉन्ट्रास्ट काठ', 'हा ब्लाउज कॉन्ट्रास्ट जाईल' ही वाक्यं आता पक्की मराठी झाली आहेत, त्यांना हात लावायचं कारण नाही.

पण या दोन वाटांनी दोन वेगळे अर्थ आले आणि घोळ तिथेच आहे. साडीतला कॉन्ट्रास्ट रंगांचा, टीव्हीच्या बटणाचा कॉन्ट्रास्ट उजेड-अंधाराचा. हे घरच्या घरी करून पाहा. मोरपंखी साडी आणि राणी रंगाचा काठ घ्या, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. डोळ्यांत भरणारा काठ पुष्कळदा साडीतच विरघळून जातो, कारण रंग वेगळे असले तरी दोन्हींचा गडदपणा जवळजवळ सारखा असतो. स्क्रीनवर शुद्ध लाल पाटीवर शुद्ध निळी अक्षरं काढली तर वेबच्या सुगम्यतेच्या, म्हणजे वेबपानं सगळ्यांना वाचता यावीत यासाठीच्या, नियमांप्रमाणे त्यांच्या उजेडाचं गुणोत्तर जेमतेम 2.15 भरतं. साध्या मजकुराला किमान 4.5 लागतं. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं काढली तर 1.07, म्हणजे जवळपास काहीच नाही. काळ्यावर पांढऱ्याचं 21.

आता माझं मत सांगतो. डोळ्याला जे जाणवतं त्याला मराठीत जुना, जिवंत शब्द आहे: उठाव. चित्रकलेचे शिक्षक म्हणतात, 'मागचा रंग गडद कर, चित्राला उठाव येईल.' दगडात पृष्ठभागापासून वर आलेली आकृती ती उठावशिल्प. पांढऱ्या रांगोळीखाली गेरूचा हात देतात तो ती उठून दिसावी म्हणूनच. संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घालतात, त्या पांढऱ्या कणांना दुसऱ्या कोणत्या रंगावर एवढा उठाव येणार? याच शब्दाचे 'मालाला उठाव नाही' आणि '1857चा उठाव' असेही अर्थ आहेत, पण वाक्यात ठेवल्यावर गल्लत होत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: उठाव मोजता येईल का? इथे विज्ञानाने काय दाखवलं ते पाहावं लागतं, कारण शब्दाचा निवाडा त्यावरच होतो.

नुसता फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट नाही. समजा, खोलीत मोबाइलच्या पडद्याचा पांढरा भाग 400 एकक उजेड देतो आणि काळा 1. फरक 399. आता उन्हात या. काचेवरून परावर्तित झालेला उजेड दोन्हींत मिसळतो, समजा आणखी 400. पांढरा झाला 800, काळा 401. फरक तोच, 399, पण अक्षरं वाचवत नाहीत. म्हणून फरकाला दोन्हींच्या बेरजेने भागतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेल्सन यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. खोलीत उत्तर येतं जवळपास 1, उन्हात 0.33. छापील कागदाचं याच्या उलट. उन्हात कागदही उजळतो आणि शाईही, त्यांचं प्रमाण बदलत नाही. भर दुपारच्या उन्हातली काळी शाई घरातल्या दिव्याखालच्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी जास्त उजेड डोळ्यात पाठवते, तरी ती काळीच दिसते. डोळा उजेड मोजत बसत नाही, शेजारपाजार ताडून पाहतो.

शेजाराची ही गोष्ट पहिल्यांदा पद्धतशीर मांडली गेली ती कापडाच्याच धंद्यात. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगविभागाचे प्रमुख होते मिशेल शेव्रल, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. काळा रंग नीट बसत नाही, निळ्या-जांभळ्याशेजारी तो फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी काळं सूत तपासलं, दुसरीकडच्या काळ्याशी ताडून पाहिलं. रंगात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे काळा तसा दिसत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ 1839 साली आला आणि दोन रंग एकमेकांचं रूप बदलतात या घटनेला त्यांनी कॉन्ट्रास्ट हाच शब्द लावला. म्हणजे साडीच्या दुकानातला आपला वापरही काही अडाणी नाही, त्याचं घराणं मोठं आहे.

पुढे 1968 साली केंब्रिजच्या फर्गस कॅम्पबेल आणि जॉन रॉब्सन या दृष्टिसंशोधकांनी डोळ्यांपुढे काळे-पांढरे पट्टे ठेवून, ते किती फिके केले की दिसेनासे होतात हे मोजलं. त्यांच्या नावाने एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यात डावीकडून उजवीकडे पट्टे बारीक होत जातात आणि खालून वर फिके. बारीक असोत वा जाड, कोणत्याही उंचीवर सगळे पट्टे सारखेच फिके असतात. तरी पाहणाऱ्याला त्यात एक कमान दिसते: मधले पट्टे उंचापर्यंत दिसतात, दोन्ही कडांचे आधीच विरतात. ती कमान कागदावर छापलेली नसते, ती पाहणाऱ्याच्या नजरेची असते. हात लांब करून अंगठ्याचं नख धरा. तेवढ्या रुंदीत काळ्या-पांढऱ्याच्या पाच-सात जोड्या मावतील असे पट्टे माणसाला सगळ्यात चांगले उमटतात. त्याहून फार बारीक किंवा फार जाड पट्ट्यांना जास्त गडदपणा लागतो.

म्हणून मी दोन शब्द ठेवीन. चित्रात जे आहे, मीटरने मोजता येतं, त्या आकड्याला कॉन्ट्रास्टच म्हणा, देवनागरीत, पुल्लिंगी: 'कॉन्ट्रास्ट वाढवला'. पाहणाऱ्याला जे जाणवतं तो उठाव. कॅम्पबेल-रॉब्सन चित्रात एका उंचीवर कॉन्ट्रास्ट सारखा असतो, उठाव सारखा नसतो. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, आपल्याला ते वेगळं सांगता येतं. 'प्रकाशभेद', 'वैषम्य' असे घडवलेले शब्द चुकीचे नाहीत, पण ज्याच्यासाठी माहितीपत्रक लिहायचं तो माणूस ते बोलत नाही.

तो काय बोलतो, हे मी घरी ऐकलं आहे. आईचा मोतीबिंदू वाढत होता तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यातली खालची ओळही ती बरीचशी वाचायची. पण पांढऱ्या कपात दूध ओततानाच दर दोन दिवसांनी सांडायचं, स्टीलच्या पेल्यात चहा मात्र बरोबर. जिन्याची शेवटची पायरी ती पायाने चाचपायची. मी विचारलं तर म्हणाली, "दिसतं रे सगळं, पण उठून काही दिसत नाही." तपासणीत जे मोजतात ते तिने एका वाक्यात सांगितलं.

हरमान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाचा 1862चा तक्ता अक्षरं लहान करत नेतो, पण सगळी ठार काळी ठेवतो. त्यातून बारकावा किती दिसतो हे कळतं. कपातलं दूध मात्र बारीक नसतं, ते पुसट असतं. त्यासाठी दृष्टिसंशोधक डेनिस पेली आणि वर आलेले तेच जॉन रॉब्सन यांनी 1988 साली दुसरा तक्ता केला. त्यात सगळी अक्षरं एकाच मोठ्या आकाराची, जवळपास पाच सेंटिमीटर उंच, आणि तीन-तीन अक्षरांच्या गटाने फिकी होत जाणारी. दर ओळीला कॉन्ट्रास्ट निम्मा होतो. मीटरभर अंतरावरून वाचायचं. निरोगी तरुण डोळ्याला शेकडा एक-दीड इतका कॉन्ट्रास्टही पुरतो. मोतीबिंदूत डोळ्यातल्या भिंगाला आलेल्या गढूळपणामुळे उजेड आतच विखुरतो. उन्हातल्या मोबाइलसारखंच, काळ्यातही उजेड मिसळतो.

तेव्हा 'कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी'चं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका. 'संवेदनशीलता' शब्दाने डोळा चुरचुरतो की काय असं वाटेल. मथळ्यात 'पुसट ओळखण्याची क्षमता' लिहा. खाली, डॉक्टरांच्या कागदाशी जुळावं म्हणून, एकदाच 'कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी' देवनागरीत द्या. मग पहिलं वाक्य असं घ्या: 'अक्षर मोठं असूनही फिकं असेल, तर ते तुम्हाला उठून दिसतं का, हे या तपासणीत पाहतात.' आणि जागा असेल तर दुधाचा कप जरूर घाला, पांढराच.