घंटेचं तोंड गोल का नाही?

प्रिय,

प्राचीन चिनी कलेवरचं तुझं दुसरं प्रकरण वाचलं. कन्फ्यूशियसच्या काळी सुशिक्षिताला सहा गोष्टी याव्या लागत: विधी, संगीत, धनुर्विद्या, रथ हाकणं, लेखन, गणित. यात चित्रकला नाही, तेव्हा प्राचीन चीनमध्ये कलेची कल्पनाच नव्हती, असं ठोकून देऊन तू मोकळी झालीस. अगं, यादीवरून कसलं ठरवतेस? आधी वस्तू बघ. ती कशासाठी घडवली ते विचार.

1978 मध्ये हूपेइ प्रांतात यी नावाच्या संस्थानिकाची कबर उघडली, इसवी सनापूर्वी 433च्या सुमाराची. आत 65 ब्राँझच्या घंटा, तीन रांगांत टांगलेल्या. आपल्या देवळातल्या घंटेसारखं त्यांचं तोंड गोल नाही. बदामासारखं चपटं आहे. म्हणून नाद रेंगाळत नाही, आणि एकाच घंटेतून दोन स्वर निघतात. मधोमध ठोकली की एक, कडेला ठोकली की दुसरा. स्वरांची नावं घंटेवर सोन्यात जडवलेली. विधीसाठी वाजवायची वस्तू, पण ओतणाऱ्याचा कान बघ!

तो कान मोझी या चिनी तत्त्वज्ञालाही होता. घंटा गोड वाजतात हे मान्य करूनच तो म्हणाला, यांच्यापायी रयतेवर कर बसतो, बंद करा. ज्याला सौंदर्य कळत नाही तो असं भांडतो का?

चित्राचा मान पुढे वाढला, हे तुझं बरोबर. पण का वाढला ते लिहीच ना! इसवी सन 220 मध्ये हान राजवट संपली, दरबारावरून मन उडालेली शिकलेली माणसं डोंगरांकडे वळली. झोंग बिंग या चित्रकाराला म्हातारपणी चालवेना, तेव्हा त्याने हिंडलेले डोंगर घराच्या भिंतींवर रंगवले आणि पडल्या पडल्या तिथे फिरू लागला. बघ, इथेही तेच: कशासाठी? सहाव्या शतकात श्ये ह या समीक्षकाने चित्र पारखायच्या सहा कसोट्या मांडल्या तेव्हा चैतन्य पहिलं, हुबेहूबपणा तिसरा. हे आभाळातून पडलं नाही.

मला सहकारी 'मोजपट्टीवाला' म्हणायचे. वस्तूंपाशी तासन्‌तास रेंगाळलो, प्रबंध अर्धवट राहिला, बढती हुकली. सल आहेच. पण व्याख्येपासून सुरुवात करणाऱ्यांपैकी एकालाही घंटेचं तोंड चपटं का, हे सांगता आलं नाही, आणि माझा हट्ट काही चुकीचा नव्हता.

दुसरं प्रकरण फाड. घंटांपासून सुरू कर. आणि जेवत जा वेळेवर.