वाचकांचे प्रश्न : थर्माकोल भिंतीच्या आतून की बाहेरून?

प्रश्न : आमचं घर नऊ इंची विटांचं आहे, वर आणखी एक मजला आहे. पश्चिमेकडच्या बेडरूमची भिंत (12 फूट बाय 10 फूट, मध्ये एक खिडकी) मे महिन्यात रात्री अकरालाही गरम लागते. कूलरसमोर झोपूनही पाठ भाजते. ठेकेदार म्हणतो, आतून थर्माकोल चिकटवून वर प्लायवूड ठोकू. करावं का? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आतून करू नका. नऊ इंची विटेतून उष्णता आत पोचायला सहा-सात तास लागतात, म्हणून चारचं ऊन तुम्हाला अकराला लागतं. ती विटेत शिरण्याआधीच अडवायला हवी. शिवाय पुढे एसी बसवलात तर पावसाळ्यात थर्माकोलमागे ओल साठू शकते, आणि आग लागली तर तो खोलीतच पेटतो. भिंत मात्र तुम्ही बरोबर निवडली आहे. 26 मेच्या आसपास, ऐन नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत), सूर्य नागपूरच्या अगदी माथ्यावर असतो. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळजवळ लागत नाही. सगळा मार छपराला आणि दुपारनंतर पश्चिमेला.

बाहेरून 50 मिलिमीटर जाडीचा, घनमीटरला 20 किलो घनतेचा, आग पटकन न धरणारा थर्माकोल लावा. भिंतीतून येणारी उष्णता साधारण एक तृतीयांशावर येते. दुकानात पॅकिंगचा हलका माल गळ्यात मारतात, म्हणून एक मीटर बाय अर्ध्या मीटरची शीट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहा : अर्धा किलो भरली पाहिजे. 250-300 ग्रॅम भरली तर परत करा.

भिंत सुमारे 11 चौरस मीटर आहे. तूट धरून 25 शीट, छत्रीसारख्या टोपीचे 70 प्लास्टिक अँकर, 13 चौरस मीटर फायबरची जाळी (अल्कली सोसणारी, चौरस मीटरला 145 ते 160 ग्रॅमची) आणि मसाल्यासाठी पॉलिमर-सिमेंटच्या 25 किलोच्या पाच गोण्या लागतील. चिकटवायला रबर सोल्यूशन वापरू देऊ नका, त्याने थर्माकोल विरघळतो.

शीटच्या चारही कडांना मसाल्याची सलग पट्टी आणि मध्ये तीन गोळे. मिस्त्री नुसते गोळे मारतात. मग मागून हवा खेळते आणि केलेलं वाया जातं. सांधे विटांसारखे मोडून घ्या. फट राहिली तर फोम भरा, मसाला नको. खिडकीच्या कोपऱ्यावर सांधा येऊ देऊ नका, तिथे शीट एल आकारात कापा. अँकर 120 मिलिमीटरचा घ्या, कारण पकड जुन्या प्लास्टरमध्ये नव्हे, विटेत 40 मिलिमीटर हवी.

वरून चार-पाच मिलिमीटरचा मसाला, आणि तो ओला असतानाच त्यात जाळी दाबायची, जोडावर 10 सेंटिमीटर एकावर एक. आधी जाळी ठोकून वरून मसाला फासला तर वर्षभरात थर सुटतो. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर जाळीचा जादा तुकडा तिरका लावा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात तिथून तिरप्या भेगा निघतात.

भिंत दोन इंच जाड झाली की खिडकीची सिल (खालची बाहेर आलेली पट्टी) तोकडी पडते आणि पावसाचं पाणी मागे उतरतं. सिल आधी वाढवून घ्या. जमिनीपासून सहा इंच भिंत उघडी ठेवा. थर्माकोल वाळवीचं अन्न नसला तरी ती त्यातून वाट पोखरते. ओल असेल तर आधी ती काढा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. मेच्या उन्हात मसाला घट्ट होण्याआधीच वाळून भुगा होतो.

प्रश्न : बेसा भागात नवीन बांधकाम आहे. आठ इंची एएसी ब्लॉक (हवेचे बारीक बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) घेतले तर थर्माकोल लागेल का? – एक वाचक

उत्तर : सहसा नाही. हा ब्लॉक नऊ इंची विटेच्या जवळपास तिप्पट उष्णता अडवतो. पण कॉलम आणि बीम काँक्रीटचेच राहतात. पश्चिमेकडे तेवढ्या भागावर बाहेरून थर्माकोलची पट्टी घ्या. ब्लॉक आणि कॉलमच्या सांध्यावर प्लास्टरआधी कोंबडीजाळी हवीच. भिंतीवरचे वाचलेले पैसे छपरावर घाला.