दूध संस्थेच्या नव्या सचिवाला

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सिन्नर तालुक्यातल्या गावी तू दूध संस्थेची सचिव झालीस, फार बरं वाटलं. आपल्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला कांदा काय भावाने जाईल याचा नेम नाही, द्राक्षं एका अवकाळीत जातात. दोन गाईवाल्याचा किराणा आणि शाळेची फी मात्र दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगारावरच निघते.

१९४६ साली गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी आपला दूध संघ काढला तो व्यापाऱ्यांच्या मुठीतून दुधाचा भाव सोडवायला. आज तुझ्या काट्यावर संस्थाच मोजते आणि दरही संस्थाच सांगते. म्हणून तुझं सगळं मोजमाप सभासदाच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. माझा सगळ्यात जास्त आग्रह यावरच आहे.

कॅन ढवळल्याशिवाय नमुना घेऊ नकोस. स्निग्धांश, म्हणजे फॅट, वर चढतो. वरचं दूध घेतलंस तर फॅट जास्त दिसते, तळचं घेतलंस तर कमी. गाईच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून निघतो. त्याखाली प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात, तेव्हा तुझ्या हाताची घाई कुणाच्या तरी पगारातून जाते. मशीनवरचा आकडा सभासदाला दिसू दे, पावती हातात दे. अधूनमधून तोच नमुना गर्बर पद्धतीने, म्हणजे आम्ल घालून फॅट मोजायच्या जुन्या रीतीने, तपासून घे आणि फरक निघाला तर फळ्यावर लिही.

फॅट कमी लागली की लगेच पाण्याचा संशय घेऊ नकोस. पाणी घातलं तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही उतरतात. नुसती फॅट उतरली असेल तर आधी गोठ्यात जा. शेवटच्या धारा वासराला सोडल्या असतील, आणि सगळ्यात जास्त फॅट त्याच धारांत असते. किंवा कडबा संपून नुसता कोवळा हिरवा चारा चालू असेल. भल्या माणसाला चारचौघांत चोर ठरवलंस तर तो दुसऱ्या दिवशी खासगी गाडीला दूध घालेल.

स्वच्छ भांडी, कोरडी कास, दूध लवकर ४ अंशांवर नेणं, हे तुला ठाऊक आहे. अवघड आहे ते औषधाचं. दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली की कासेत अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात, आणि ट्यूबवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ते दूध संस्थेत यायला नको. एकाचं असं दूध अख्ख्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे सगळ्यांचं दूध थंड ठेवायच्या टाकीत, मिसळतं, मग त्याचं दही नीट लागत नाही. पण दोन गाईंपैकी एकीचं दूध बंद म्हणजे अर्धा पगार गेला; गरीब माणूस लपवणारच. त्याला नुसता दंड लावून भागणार नाही. संचालकांपुढे मांड, की जो आपणहून सांगेल त्याची त्या पगारातली पेंडीच्या उधारीची कपात पुढे ढकलावी. वार्षिक सभेत ठराव करून घे, तोंडी आश्वासनावर राहू नकोस.

पहिलं पगारवाटप झालं की कळव, किती जणांनी नमुना पुन्हा तपासून मागितला आणि तू तो तपासलास का.

तुझे
काका