वाचकांचे प्रश्न : फोर बाय फोर लागत नाही, दोष नेमका कुठे?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ची डिझेल पिकअप आहे. फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) डॅशबोर्डवरच्या गोल बटणाने लागते. पुढच्या ॲक्सलच्या उजव्या बाजूला एक पत्र्याची डबी आणि तिला दोन बारीक रबरी नळ्या आहेत. उन्हाळाभर फोर बाय फोरची गरज पडली नाही. पहिल्या पावसात बागेच्या उतारावर बटण फोर-एचवर (चारही चाके, नेहमीच्या वेगासाठी) फिरवले, तर दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि पुढची चाके ओढेनात. गॅरेजमध्ये ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी गिअरपेटी) खोलावी लागेल असे सांगितले. एवढा खर्च खरेच करावा लागेल का?
— एक बागायतदार, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ट्रान्सफर केसला इतक्यात हात लावू देऊ नका. तुमच्या वर्णनावरून दोष डबीच्या, नळ्यांच्या किंवा वायरिंगच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त आहे, आणि ते घरच्या अंगणात तपासता येते.

अशा गाडीत फोर बाय फोर दोन जागी लागते. ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर आतला फोर्क (चिमट्यासारखा सरकता भाग) सरकवते आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा) मागच्याशी जोडला जातो. मग पुढच्या ॲक्सलवरची ती डबी, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारा व्हॅक्यूम ॲक्च्युएटर, एक कॉलर (दातेरी कडे) सरकवून उजव्या चाकाचा सुटा शाफ्ट डिफरन्शियलला (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरचा संच) जोडते. दोन्हीकडून स्विचने होकार दिला की दिवा स्थिर होतो. तो लुकलुकत राहिला, म्हणजे एका जागी तरी काम अर्धवट राहिले आहे.

आधी स्टेअरिंग सरळ ठेवून फोर-एचमध्ये गाडी चार-पाच मीटर पुढे आणि तेवढीच मागे घ्या. दाते समोरासमोर अडले असतील तर एवढ्यानेच लागते. नाही लागले तर पुढची चाचणी करा.

गाडी सपाट, कडक जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. डबी ज्या बाजूला आहे त्याच बाजूचे पुढचे चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा नको. एकाला आत बसवून गिअर न्यूट्रलला, इंजिन चालू आणि बटण फोर-एचवर ठेवा. आता बाहेरून उचललेले चाक हाताने हळूहळू फिरवा, म्हणजे दाते जुळायला संधी मिळेल. चाक किंचित खेळून अडले, तर दोन्ही जागा लागल्या आहेत आणि दोष फक्त खूण देणाऱ्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. चाक फिरते आणि सोबत पुढचा प्रोपेलर शाफ्टही फिरतो, तर ॲक्सल लागला, ट्रान्सफर केस लागली नाही. चाक एकटेच गरगर फिरते, शाफ्ट जागचा हलत नाही, तर ॲक्सल लागलेला नाही. या तिसऱ्या प्रकारात इंजिन बंद करून शाफ्ट हाताने फिरवून पाहा. घट्ट असेल तर ट्रान्सफर केस नीट लागली आहे आणि तुमचे काम ॲक्सलपुरतेच उरले. शाफ्टही मोकळा असेल तर आधी ट्रान्सफर केसच्या मोटरकडे वळा, कारण बऱ्याच गाड्यांत ती लागल्याशिवाय कंट्रोलर ॲक्सलला हुकूमच देत नाही.

ॲक्सल लागत नसेल तर : डिझेल इंजिनात व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो, आणि बहुतेक गाड्यांत त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टरही चालतो. म्हणून आधी ब्रेक दाबून पाहा. इंजिन चालू असताना पेडल लाकडासारखे कडक लागत असेल, तर पंप किंवा मुख्य नळी गेली आहे. मग फोर बाय फोर बाजूला ठेवा, गाडी रस्त्यावर आणू नका, आधी ते दुरुस्त करा.

पेडल ठीक असेल तर डबीकडच्या नळ्या पाहा. एका नळीतून ओढ आली की कॉलर लागते, दुसरीतून आली की सुटते. काढण्यापूर्वी एकीवर चिकटपट्टी लावून खूण करा. अदलाबदल झाली तर टू-एचमध्ये (फक्त मागची चाके) ॲक्सल लागेल आणि फोर-एचमध्ये सुटेल. इंजिन चालू, बटण फोर-एचवर असताना लावणाऱ्या नळीच्या टोकावर बोट धरा. चांगली ओढ जाणवायला हवी. गेज असल्यास पारा ५०० मिलिमीटरच्या वर दिसावा. ओढ नसेल तर नळीचा माग सोलेनॉइडपर्यंत (विजेवर उघडझाप करणारी झडप) काढा. रबर विशेषतः तोंडाशी तडकते, आणि उभ्या गाडीत उंदीर कुरतडतात. तडा टोकाला असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बसवा. नवी नळी घेताना आतले माप तेच आणि भिंत जाड हवी, पातळ नळी ओढीने आत चिमटते. नळ्या धडधाकट असून ओढ नसेल, तर बटण फिरवताना सोलेनॉइडची टिक् ऐका. ती नसेल तर त्याच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते पाहा.

ओढ पोचते पण कॉलर सरकत नाही, अशा वेळी व्हॅक्यूमच्या हातपंपाने डबीला ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम द्या. काटा मिनिटभर जागचा हलता कामा नये. तो घसरला तर आतला डायफ्राम (रबरी पडदा) फाटला आहे, डबी बदला. काटा टिकतो पण रॉड हलत नाही, तर फोर्क गंजून बसला आहे. उन्हाळाभर न वापरलेल्या गाडीत मला याचाच संशय आधी येतो. डबी उतरवून रॉड आणि फोर्क साफ करा, हाताने सरकतो ना ते पाहा, आणि बसवताना सील नवे घाला.

ट्रान्सफर केस लागत नसेल तर : इंजिन बंद, चावी ऑन ठेवून बटण फिरवा. खालून एक-दोन सेकंद घर्र असा आवाज यायला हवा. नसेल तर फ्यूज पाहा, रिले शेजारच्या तशाच रिलेशी बदलून पाहा, आणि मोटरचा कनेक्टर सोडवा. चिखलपाण्याने त्याच्या पिना हिरव्या पडलेल्या असतात. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवा, अर्थची वायर घासून घट्ट करा. उभ्या गाडीत बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. बॅटरीची वायर मोटरला थेट लावून पाहायचा मोह टाळा. कुठे थांबायचे हे तिला आतला पोझिशन सेन्सर सांगतो. थेट करंट दिला तर ती टोकाला जाऊन जॅम होते. मोटर फिरते, आवाजही येतो आणि तरी शाफ्ट मोकळाच, हे सिद्ध झाले की मगच केस खोलायचा विषय काढा.

दुरुस्तीनंतर महिन्यातून एकदा १५-१६ किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर-एचमध्ये चालवा. तेल हलते आणि फोर्क मोकळा राहतो.

प्रश्न : फोर-एच लागते, पण नंतर टू-एचवर येता येत नाही. दिवा तसाच राहतो. मागचे दोन टायर नुकतेच नवे घातले आहेत.
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : टायरच कारण आहेत. २४५/७० आर १६ मापाचा नवा टायर एका फेऱ्यात सुमारे २.३५ मीटर जातो. तोच ५ मिलिमीटर झिजला की फेऱ्यामागे ३ सेंटिमीटर कमी, म्हणजे किलोमीटरला सुमारे १३ मीटरचा फरक. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसते, त्यामुळे हा फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो आणि कॉलर आवळली जाते. चिखलात चाक घसरून पीळ सुटतो, डांबरी रस्त्यावर सुटत नाही. आत्ता सोडवायला बटण टू-एचवर ठेवून गाडी सरळ रेषेत पाच-सहा मीटर मागे घ्या. चारही टायर एका मापाचे, एका झिजेचे होईपर्यंत फोर-एच फक्त ओल्या, सैल जमिनीवर वापरा.

प्रश्न : दिवा स्थिर लागतो, तरी चिखलात पुढचे एक आणि मागचे एक अशी दोनच चाके फिरतात. फोर-एल (चारही चाके, मंद पण जोरदार गिअर) घेताना कर्कश आवाजही येतो.
— एक वाचक, चंदगड

उत्तर : पहिली गोष्ट दोष नाही. दोन्ही ॲक्सलना साधे डिफरन्शियल असेल तर प्रत्येक ॲक्सलचे ज्या चाकाला पकड कमी तेच फिरते. डिफ लॉक (डिफरन्शियल बांधून दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) नसलेल्या गाडीत फोर-एलनेही ते बदलत नाही. आवाजाचे मात्र मनावर घ्या. गाडी पूर्ण थांबवा, ब्रेक दाबा, गिअर न्यूट्रलला घ्या, क्लच तळापर्यंत दाबा, मग फोर-एल निवडा आणि दिवा स्थिर झाल्यावरच क्लच सोडा. एवढे करूनही दाते घासले, तर क्लच पूर्ण सुटत नाही का ते आधी तपासा. पाण्यातून गाडी गेली असेल तर ट्रान्सफर केसचे तेलही पाहा, दुधाळ दिसले तर बदला. आधी भरायचा नट सुटतो याची खात्री करा, मगच खालचा निचऱ्याचा नट काढा, नाहीतर रिकामी केस घेऊन बसावे लागते. तेल हँडबुकमध्ये दिलेलेच घाला. काही ट्रान्सफर केसना गिअर ऑइल लागते, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल).